बसकण मारलेली मोटार

साध्या स्प्रिंगची गाडी रात्री जेवढ्या उंचीवर सोडावी, तेवढ्याच उंचीवर सकाळी सापडते. यात तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही. तेलावर उभी राहणारी गाडी मात्र रात्री डौलात उभी असते आणि सकाळी बघावं तर जमिनीला पोट टेकून बसलेली. नवा मालक हे दृश्य पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याच्या पोटात गोळा येतो. जुना मालक चहाचा कप घेऊन खिडकीशी येतो आणि म्हणतो, ‘आज जरा लवकरच बसली.’ या दोन मालकांमध्ये अनुभवाचं जे अंतर असतं त्याची किंमत गॅरेजवाल्याला अचूक ठाऊक असते, कारण ती त्यानंच वसूल केलेली असते.

मोटारीला ही बसण्याउठण्याची सवय लावली फ्रेंचांनी. ५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सित्रोएन कंपनीनं ‘डीएस’ नावाची गाडी मांडली. पहिल्या पंधरा मिनिटांत ७४३ जणांनी नाव नोंदवलं आणि संध्याकाळपर्यंत आकडा बारा हजारांवर गेला. यातल्या कोणीही गाडी चालवून बघितलेली नव्हती. आपल्याकडे माणूस शर्ट घेतानासुद्धा कापड दोन बोटांत चुरगाळून बघतो. त्या दिवशी पॅरिसनं फक्त डोळ्यांनी मोटार विकत घेतली. आणि डोळ्यांना दिसत नव्हता तोच भाग सगळ्यात विलक्षण होता, तो म्हणजे बुडाखालचं तेल.

ही तेलाची करामत पॉल माझेस या माणसाची. तो १९२५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी कंपनीत चिकटला. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याकडे नव्हती. त्यानं जुळवलेली यंत्रणा समजून घ्यायला पुढची साठ वर्षं जगभरचे पदवीधर गाडीखाली उताणे पडले, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रवेशपरीक्षावाल्यांपासून लपवून ठेवलेलीच बरी.

यंत्रणा ऐकायला सोपी आहे. चाकामागे पोलादी स्प्रिंग नाही, पाटे नाहीत. एक सिलिंडर आहे, त्यात दट्ट्या आणि दट्ट्याच्या डोक्यावर एक पोलादी गोळा. गोळ्यात मधोमध रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन कोंडलेला, दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यातून उसळलं की दट्ट्या तेलाला ढकलतो, तेल पडद्याला ढकलतं आणि नायट्रोजन दबून पुन्हा फुगतो. म्हणजे स्प्रिंगचं काम वायू करतो आणि मधली निरोपानिरोपी तेल करतं. तेलाला दाब देतो इंजिनवर फिरणारा पंप. हा दाब साधारण १५० ते १७० बार. आपण टायरमध्ये ‘बत्तीस मार’ म्हणतो त्याच हिशेबात मांडायचं तर दोन हजारांच्या वर. तो आकडा ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. ज्यांनी ठेवला नाही त्यांनाही तो उपयोगी पडलेला आहे, पण फार उशिरा.

याशिवाय पुढे एक आणि मागे एक अशी उंची सांभाळणारी उपकरणं असतात. मागच्या सीटवर तीन भरदार नातेवाईक बसले आणि गाडीचं बूड खाली गेलं, की मागचं उपकरण थोडं थांबतं, खात्री करून घेतं आणि मग जादा तेल सोडून गाडी पूर्वीच्या उंचीवर आणतं. हे थांबणं मुद्दाम ठेवलेलं आहे. नाहीतर रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा ते मनावर घेईल आणि गाडी दिवसभर उठाबशा काढील. सरकारी कचेरीबाहेर दिरंगाईचा इतका सदुपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

माझेस आणि मंडळी एवढ्यावर थांबली असती तर गॅरेजवाल्यांची मुलं परदेशी शिकली नसती. त्यांनी त्याच तेलावर ब्रेक चालवले, स्टिअरिंग चालवलं, क्लच आणि गिअरही चालवले. ब्रेकला पेडल नाही. जमिनीवर रबराचं एक बटण, त्याला नुसता पाय लावायचा. पहिल्यांदा बसणारा सवयीनं पाय दाबतो आणि कपाळ काचेला लावून येतो. पण यंत्रणा धडधाकट असली की तिच्यासारखी गाडी नाही. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, टायर फुटले, आणि तरीही चालकानं गाडी सावरत बाहेर काढली. ‘द डे ऑफ द जॅकल’ वाचलेल्यांना हा प्रसंग ठाऊक आहे. मी ती कादंबरी वाचली तेव्हा मारेकऱ्यापेक्षा सस्पेन्शनबद्दल जास्त कुतूहल वाटलं होतं. घरच्यांना माझी काळजी तेव्हापासून वाटते.

आता बसण्याकडे येऊ. इंजिन बंद केलं की पंप थांबतो. व्हॉल्व्हच्या आतले भाग एकमेकांत इतके चपखल घासून बसवलेले असतात की त्यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. पण फट ती फट. रात्रभर त्यातून तेल पाझरून टाकीत परत जातं आणि गाडी खाली येते. सकाळी इंजिन सुरू केलं की आधी एक टोक, मग दुसरं, असं करत गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या आजोबांसारखी ती उभी राहते. यात आजार कसलाही नाही. आजार आहे की नाही हे ठरतं एकाच प्रश्नावर: किती वेळात बसली? काही तासांनी किंवा रात्र उलटल्यावर बसली तर ती झोपली असं समजावं. तुम्ही दुकानातून पाव घेऊन परत येईपर्यंत बसली, तर कुठेतरी पाझर वाढला आहे.

आणि नेमका हाच प्रश्न सोडून मालक बाकी सगळं सांगतो. गाडी कोणत्या वर्षाची, आधीचा मालक डॉक्टर होता, आतलं लेदर मूळचं आहे, बायकोचा विरोध होता. किती वेळात बसते? ‘म्हणजे... बसते.’

इथून पुढची पहिली चूक जगभर एकसारखी होते. मालक गोळे बदलतो. गोळे बाहेरून दिसतात, विकत मिळतात आणि त्यांच्याबद्दल चारचौघांत बोलता येतं. गोळ्यातला नायट्रोजन वर्षानुवर्षं पडद्यातून झिरपून कमी होतो, हे अगदी खरं आहे. पण नायट्रोजन गेला तर गाडी बसत नाही, कडक होते. दगडावरून बैलगाडी न्यावी तशी दाणदाण आपटत जाते, पण असते मात्र योग्य उंचीवर. हे तपासायला इंजिन चालू ठेवून कोपऱ्यावर हातांनी जोर द्यायचा. गाडी लवली तर गोळा जिवंत आहे, भिंतीसारखी ताठ राहिली तर मेला आहे. बसणाऱ्या गाडीचे गोळे बदलणारा मालक आठवड्यानं पुन्हा खिडकीशी उभा असतो. गाडी बसलेलीच असते, फक्त आता ती मऊपणे बसते.

दुसरी तपासणी कानांची. यंत्रणेत दाब साठवणारा आणखी एक गोळा असतो आणि त्याच्याजवळ एक रेग्युलेटर. दाब खाली आला की तो पंपाला कामाला लावतो, भरला की सोडतो, आणि दर वेळी ‘टक्’ असा आवाज करतो. निरोगी गाडीत दोन टकांमध्ये अर्धा मिनिट तरी सहज जावा. दर दोन-तीन सेकंदांनी टक् होत असेल तर एक तर साठवणीचा गोळा संपला आहे किंवा तेल कुठेतरी भराभर गळतं आहे. म्हणून या गाड्यांचे खरे जाणकार बोनेट उघडून लगेच हात घालत नाहीत. मनगटावरचं घड्याळ बघत नुसते उभे राहतात. मालकाला वाटतं यांना कंटाळा आला, म्हणून तो बोलायला लागतो आणि मोजणी चुकते.

तिसरी तपासणी मला फार आवडते, कारण तिच्यात पैसे लागत नाहीत. निरनिराळ्या भागांतून पाझरलेलं तेल परत आणणाऱ्या बारीक रबरी नळ्या टाकीच्या तोंडाशी एकत्र येतात. त्या एकेक सोडवून बघायच्या. एखादीतून थेंब थेंब येत असेल तर ठीक. धार लागली असेल, तर ती ज्या भागाकडून येते तो गुन्हेगार: पुढचं उंचीचं उपकरण, मागचं, एखादा सिलिंडर, नाहीतर स्टिअरिंग. घराणं कळलं की मग सील बदलायचं की अख्खा भाग, एवढंच ठरवायचं उरतं.

टाकीचाच आणखी एक फसवा खेळ आहे. गाडी बसलेली असताना टाकी तुडुंब दिसते, कारण सगळं तेल तिथेच येऊन पडलेलं असतं. त्यावरून ‘तेल भरपूर आहे, प्रश्नच नाही’ असा निकाल देणारे महाभाग असतात. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर नेऊन. आणि गाडी एकाच बाजूला कलली असेल तर सित्रोएनमध्ये तेलाला दोष देऊ नये. पुढच्या दोन्ही चाकांचं तेल एकमेकांना जोडलेलं असतं, मागच्यांचंही तसंच. त्यामुळे एकटी डावी बाजू तेलामुळे बसूच शकत नाही. तिथे दांडा, बुश किंवा पूर्वीच्या अपघाताची लपवलेली आठवण शोधावी.

मग तेलाचा रंग. सुरुवातीच्या काळात डीएसमध्ये ब्रेक ऑइलच्या जातीचं तेल होतं, पुढे ते लाल रंगात येई. ते हवेतलं पाणी शोषून घेई आणि आतून गंज धरे. १९६६ साली कंपनीनं हिरवं खनिज तेल आणलं आणि यंत्रणेचे भागही हिरवे रंगवले, म्हणजे कोणाचा गोंधळ होऊ नये. गोंधळ न होण्याची इतकी सोय केली की माणूस जिद्दीनं गोंधळ करतो. लालच्या गाडीत हिरवं किंवा हिरव्याच्या गाडीत लाल गेलं की आतली सगळी रबरी सीलं फुगतात, लिबलिबीत होतात आणि एका बाटलीच्या मोबदल्यात संपूर्ण यंत्रणा उघडावी लागते. हे काम बहुधा हितचिंतकाकडून होतं. ‘तेल जरा कमी दिसलं, माझ्या गाडीतलं होतं थोडं, घातलं.’ या वाक्यानंतर अनेक मैत्र्या संपलेल्या आहेत.

दुरुस्तीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कंटाळवाणी आहे, म्हणून तीच टाळली जाते: रेग्युलेटरवरचा छोटा स्क्रू सैल करून आधी दाब सोडणं. मघाचा दोन हजारांचा आकडा आठवा. दाब न सोडता नळी सोडणाऱ्याला तेल नुसतं भिजवत नाही, कातडीत घुसू शकतं. आणि घोडी, म्हणजे पक्का लोखंडी स्टँड, न लावता अशा गाडीखाली जाणारा माणूस शूर नसतो. ही गाडी टायर बदलताना स्वतःच उंच होते, बाजूला टेकू लावला की स्वतःच चाक वर उचलून घेते. तिचं हे कर्तब बघून लोक भारावतात आणि तिच्या भरवशावर खाली डोकं घालतात. जी यंत्रणा तिला उचलते तीच तिला बसवते, आणि बसताना ती विचारत नाही. यापुढचं काम, म्हणजे चेनपाना लावून गंजलेला गोळा फिरवणं, हे केवळ ताकद आणि शिव्या यांचं आहे. दोन्ही भाषांतराशिवाय चालतात.

फ्रेंचांची ही कल्पना श्रीमंतांच्या दारी जाणारच होती. १९६५ साली आलेल्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोत उंची राखायला सित्रोएनच्या परवान्यानं घेतलेली हायड्रॉलिक यंत्रणा होती. म्हणजे जगातली सगळ्यात इंग्रज मोटार फ्रेंच तेलावर उभी होती. १९६९ मध्ये पुढची बाजू त्यातून गुपचूप काढून टाकण्यात आली आणि फक्त मागची राहिली. रोल्समध्ये मालक मागेच बसतो, त्यामुळे कोणाची तक्रार आली नसावी. मर्सिडीजनं १९७५ पासून विकलेल्या ४५० एसईएल ६.९ मध्ये तेल आणि वायूचं सस्पेन्शन दिलं, आणि जर्मन स्वभावाला धरून, तेल गेलंच तर तात्पुरतं उभं राहायला कडक रबराचे टेकूही दिले. अशा ७,३८० गाड्या बनल्या. फ्रेंचांनी काव्य केलं होतं, जर्मनांनी त्याला परिशिष्ट जोडलं.

१९९९ साली मर्सिडीजनंच एबीसी नावाचं प्रकरण आणलं. यात पोलादी स्प्रिंग आहे आणि स्प्रिंगच्या डोक्यावर तेलाचा सिलिंडरही आहे. दाब दोनशे बारच्या घरात. जागोजागी सेन्सर, आणि वळणावर गाडी कलू नये म्हणून संगणक क्षणाक्षणाला तेल इकडेतिकडे पाठवतो. चालू असताना अद्भुत वाटतं. पण यात प्रत्येक चाकाचा मामला वेगळा असल्यामुळे ही गाडी एका कोपऱ्यानंच बसू शकते. आतल्या व्हॉल्व्हची ओ-रिंग जुनी झाली की जमिनीवर तेलाचा टिपूस नसताना सकाळी पुढचं डावं चाक मडगार्डात गडप झालेलं असतं. निदान एका दृष्टीनं सोपं आहे, कारण गाडी स्वतः बोट दाखवते. ते बघायचं सोडून लोक स्कॅनर लावतात आणि पडद्यावर आलेल्या कोडवर विश्वास ठेवतात.

याच गाडीत स्कॅनरवरून एक कार्यक्रम चालवता येतो. तेल गाळून काढण्यासाठी गाडी जागच्या जागी वरखाली, आडवीतिरपी नाचते. अमेरिकी मालक त्याला ‘रोडिओ’ म्हणतात. पैसे देण्याआधी तो एकदा बघून घ्यावा, कारण बिल बघितल्यावर नाच बघण्याची मनःस्थिती राहत नाही.

अशा गाड्या दहा-बारा वर्षं वापरून झाल्यावर पुण्यामुंबईत अगदी मध्यमवर्गीय किमतीत मिळतात, आणि मग त्या मध्यमवर्गीय सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसतात. तिथलं निदान युरोपपेक्षा जलद होतं. वॉचमन म्हणतो, ‘साहेब, हवा गेलीय.’ निवृत्त काका वाकून बघतात. खरं तर त्यांना पाठीमुळे वाकता येत नाही, पण अशा वेळी येतं. ‘शॉकअप गेले. चारही.’ तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आपल्या मेहुण्याचा दाखला देतात. त्याच्याकडे हीच गाडी होती, फक्त कंपनी वेगळी, मॉडेल वेगळं आणि सस्पेन्शन हवेचं. पण ‘प्रिन्सिपल सेम.’ सेक्रेटरींचा मुद्दा स्वतंत्र असतो: गाडी बसल्यामुळे ती आखलेल्या रेषेच्या बाहेर येते का? येत नाही. तरी नोटीस लागते.

शेवटी कोणीतरी जवळ येऊन हळूच सांगतो, ‘अहो, हे तेलबिल काढून टाका आणि साध्या स्प्रिंग बसवा. पन्नास टक्क्यांत काम होतं.’ होतं, हे खरं आहे. गाडी उभी राहते, कायमची उभी राहते. माझं मत विचाराल तर हा पर्याय ज्यांना हवा त्यांनी पहिल्यापासूनच साध्या स्प्रिंगची गाडी घ्यावी. ती नवी मिळते, स्वस्त मिळते आणि काकांना वाकावं लागत नाही. तेल काढलेल्या गाडीत किंमत चुकवण्याचं कारणच काढून टाकलेलं असतं. खुद्द सित्रोएननं मात्र माझं ऐकलं नाही. २०१७ मध्ये शेवटची सी-फाइव्ह बाहेर पडली आणि हे सस्पेन्शन बंद झालं. त्यानंतर त्यांच्या काही गाड्यांत ‘हायड्रॉलिक कुशन’ नावाचा प्रकार आला. ते शॉकअपच्या आतले मऊ थांबे आहेत. त्यावर गाडी बसतही नाही, उठतही नाही.

तेव्हा जुनी, देखणी, तेलावरची गाडी कोणी दाखवली तर तिचं लेदर, घड्याळ, आधीच्या मालकाचा व्यवसाय यांकडे बघू नका. शिंप्याचा टेप घेऊन जा. संध्याकाळी चारही चाकांवरची मडगार्डपर्यंतची जागा मोजून लिहून ठेवा आणि विकणाऱ्याला सांगा की सकाळी इंजिन सुरू करण्याआधी मी पुन्हा येतो. सकाळी जाल तेव्हा बोनेटवर हात ठेवून बघा. ते गरम असेल, तर त्यानं तुमच्या आधी उठून तिला उठवलेलं आहे. व्यवहार तिथेच सोडा.